अंगणात टांगलेला कर्णा

भिसेगावच्या भाताच्या गिरणीत जन्मलेल्या पारूला वर्ष पुरं झालं, आणि त्याच आठवड्यात तिच्या आजीनं, अंबाबाईनं, निकाल देऊन टाकला की पोर बहिरी आहे. त्यासाठी तिला ना वैद्य लागला ना डॉक्टर. नातीच्या पाठीमागं उभं राहून तिनं पितळी थाळी लोखंडी पळीनं अशी बडवली की अंगणातल्या कोंबड्या कुंपणापार झाल्या. पारू बोट चोखत बसली होती, ती तशीच बसली.

"माझा नामा मांजर शिंकलं तरी दचकायचा," अंबाबाई म्हणाली. "हिच्यात काय राम नाय."

सुंदरानं, पारूच्या आईनं, लेकीला उचलून घरात नेलं. सासूच्या तोंडी लागण्यात अर्थ नव्हता.  पण सुंदराच्या माहेरी, पोशीरला, शेजारची जना बहिरी होती, म्हणून बोलायलाही शिकली नव्हती. तिला कुणी नावानं हाक मारत नसे. बोलवायचं तर पाठीत खडा मारत. पारूला झोपवताना सुंदराला ते खडे आठवत.

एकच आशा होती. गिरणीचं इंजिन सुरू झालं की पाळण्यातली पारू त्याच्या टुकटुकीवर डुलायची. घर गिरणीच्या भिंतीला चिकटूनच होतं. पण ही आशाही अंबाबाईनं एका वाक्यात निकालात काढली. "भुई हादरते, म्हणून पोर हालते." आणि खरंच, इंजिन चालू असलं की फडताळातली भांडीसुद्धा हालत.

सुंदरानं मग एक वाईट खोड लावून घेतली. पोरीला झोके देता देता ती सासूची सगळी गाऱ्हाणी तिच्यापुढं मांडू लागली. ऐकणारं कुणी नाही म्हटल्यावर माणसाची जीभ फार मोकळी होते.

नामा, तिचा नवरा, गिरणीचं इंजिन चालवायचा. बाप म्हणून तो स्वस्थ बसणाऱ्यातला नव्हता. शाळेतल्या मास्तरांनी त्याला सांगितलं, की काही बहिऱ्यांना बारीक आवाज कळत नाही, पण जाडा, घुमणारा सूर कळतो. झालं, नामानं तो सूर घरीच करायचं डोक्यात घेतलं. गिरणीवाल्या शेठचा रेडिओ दोन वर्षं बिघडून पडला होता. त्यातला एक शाबूत दिवा, म्हणजे काचेचा व्हॉल्व्ह, बॅटऱ्या आणि मोठा कर्णा त्यानं मागून आणला. लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या बारीक तारेची दोन वेटोळी गुंडाळायची होती. ते काम सुंदरानं केलं. बाराशे वेढे मोजायचे होते, आणि सातशेवर असताना अंबाबाईनं मीठ कुठं ठेवलंय म्हणून विचारलं, तेव्हा सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"ह्यातनं होतं काय पण?" सुंदरानं विचारलं.

"दिव्यातनं जो जोर निघतो, त्यातला थोडा वळवून परत त्याच्याच तोंडात सोडायचा. मग तो आपलं आपण फिरत राहतो, आन् कर्णा घुमतो."

अमावास्येला गिरणी बंद असे. नामानं सकाळी इंजिनापुढं नारळ फोडला आणि कर्णा अंगणातल्या फणसाच्या फांदीला दोरीनं टांगला. भुईचा संबंधच नको. वीस पावलांवर बाजेवर अंबाबाई नातीला मांडीवर आणि ती पितळी थाळी शेजारी घेऊन बसली होती. पारूची पाठ फणसाकडं होती. नामानं तार जोडली. दिवा लाल झाला. कर्णा मात्र गप्प.

त्यानं सगळे सांधे तपासले, बॅटऱ्या जिभेनं चाटून पाहिल्या, त्याचा चेहरा उतरत गेला.  अंबाबाईनं तोंड उघडलं, तेवढ्यात सुंदराच बोलली.

"अवो, पाखडणीचा पंखा उलटा फिरून तूस आत यायला लागलं, की तुमी काय करता?"

"पट्ट्याला पीळ देतो, म्हंजी पंखा सुलटा फिरतो."

"मग हितं बी परत येणारा जोर उलटाच ढकलीत असंल तर?"

 नामानं एका वेटोळ्याची दोन टोकं सोडवली आणि अदलाबदल करून जोडली. कर्ण्यानं तोंड उघडलं. पण घुमणारा सूर नव्हताच. टुक, टुक, टुक. थेट गिरणीच्या इंजिनासारखं.

"हे नव्हं," नामा ओशाळून म्हणाला. "परत येणारा जोर जास्ती झाला, म्हणून तुटक वाजतंय. लांब सूर पायजे होता." त्यानं तार काढायला हात घातला. सुंदरानं त्याचं मनगट धरलं.

पारू डुलत होती. आधी तिनं गिरणीच्या बंद दाराकडं पाहिलं. मग मान वळवली, पार मागं, आणि वर फणसाकडं बघत राहिली.

अंबाबाईनं वाकून तळहात जमिनीवर टेकला. बराच वेळ टेकून ठेवला. भुई निपचित होती.

"बंद कर रं," ती म्हणाली. आवाज थांबला, तशी पारूनं ओठ काढला. "लाव आता." पारू पुन्हा डुलू लागली. असं तीनदा झालं. मग अंबाबाई थाळीकडं बघत म्हणाली, "गिरणीत वाढल्याली पोर. तिला थाळीचं काय कवतिक? मी म्हनतच हुते."

सुंदरा खाली बसून ओक्साबोक्शी रडली. महिनाभराची धास्ती एकदाची गेली, आणि रडता रडता तिला हसू येऊ लागलं.

दिवेलागणीला तिनं पारूला पाळण्यात घातलं. इंजिन बंद, घर कधी नव्हे ते शांत. सवयीनं तिनं सुरुवात केली, "तुझी आजी आज..." आणि जीभ चावली. ही पोर महिनाभर सगळं ऐकत होती तर. तिनं आवाज गोड केला. "तुझी आजी लय गुणाची बाई हाय गं."

मधल्या कुडाच्या भिंतीपलीकडून अंबाबाई म्हणाली, "आजच बरी गुणाची झाले गं मी."

सुंदराचा झोका देणारा हात थांबला. पाळण्यात पारूनं बोट तोंडातून काढलं आणि मान वळवून कुडाकडं पाहिलं.