जात्याला सुतक नसतं

मित्रांनो, मी एक जुनं जातं आहे. नाव जातं असलं तरी मी आयुष्यात एकदाच कुठे गेलो, तेही बैलगाडीत बसून. पाथरवटाच्या झोपडीपासून जाफराबादेजवळच्या एका खेड्यात, रखमाजींच्या ओसरीवर. व्याकरणात मी नपुंसकलिंगी आहे, पण 'मी बसलं, मी फिरलं' असं बोललो की पोरं हसतात, म्हणून आपलं बसलो-फिरलोच म्हणतो.

पाथरवटाने काळा दगड फोडून माझ्या दोन तळ्या घडवल्या. वरची फिरते, खालची सगळं ऐकते. रखमाजींच्या बायकोने, चतुराबाईने, माझ्यावर पहिल्यांदा ज्वारी दळली आणि पीठ चिमटीत घेऊन म्हणाली, "रेशमावानी पडून राह्यलंय." दगडाला रेशमी म्हणणारी ती जगातली एकटीच बाई असेल. त्या दिवसापासून रोज पहाटे ती खुंटा धरी, ओवी म्हणे, आणि मी घरघरत तिला साथ देई. माझा आवाज वाईट आहे, पण तिने कधी तक्रार केली नाही.

ही गोष्ट निजाम सरकारच्या काळातली. त्या वर्षी रखमाजींचा मुलगा रामकिसन मुदतीच्या तापातून वाचला. बाप नवस बोलला होता: बापलेक अनवाणी पायी जांबच्या रामाला जातील, आणि वाटेत फक्त घरच्या जात्याचं पीठ खातील. नवसात माझं नाव का घातलं ते देवालाच ठाऊक. पण मी पार हादरलो. चालणार ते, आणि त्यांचं पोट माझ्या गळ्यात.

जाणं-येणं मिळून सोळा-सतरा दिवसांची वाट. दोघे चार दिवसांचं पीठ घेऊन निघाले. बाकीचं गावातला गाडीवान कारभारी पोहोचवणार होता. तो कापसाच्या गाड्या हसनाबादवरून जालन्याला नेई.

सहाव्या दिवशी सकाळी कारभारी परत आला आणि एक चिठ्ठी देऊन म्हणाला, "हसनाबादेत निजामोद्दीन पिंजाऱ्याच्या घरून आली. मला वाचता येत न्हाई. दुपारी कापूस भरून परत निघतो." निजामोद्दीन हा रखमाजींचा जुना दोस्त. चिठ्ठी उर्दूत होती. गावात उर्दू चौथी झालेला एकच माणूस होता, काकासाहेब. त्याला बोलावलं. त्याने चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली, आणि टोपी काढली.

"काकू," तो म्हणाला, "रखमाजी मंगळवारी गुजरले."

ओसरीवर कुणी हललं नाही. मी तर तसाही हलत नाही.

सून द्वारकाबाईने दाराआडून विचारलं, "आन् यांचं? यांचं काय लिव्हलंय?"

"रामकिसनचं नाव न्हाई. पुढं लिव्हलंय, पीठ कमी पडून राह्यलं, जालन्याला पाठवा."

"तेराव्याला लागत असंल," रखमाजींचा धाकटा भाऊ बद्रीनाथ म्हणाला.

"जालन्यात तेरावा?" द्वारकाबाई म्हणाली.

"माणूस कुठं बी मरू दे, पीठ लागतंच." बद्रीनाथ डोळे पुसत माझ्याजवळ आला आणि त्याने माझा खुंटा उपसला. "वहिनी, सुतक लागलं. दहा दिवस जातं बंद."

मित्रांनो, खुंट्याशिवाय जातं म्हणजे नुसते दोन दगड. मला जालन्याच्या रस्त्यावरचा रामकिसन दिसायला लागला. तापातून उठलेला, अनवाणी, रिकामी पिशवी चाचपणारा. दुसरं काही खाल्लं तर नवस मोडेल, न खाल्लं तर पोरगाच मोडेल.

शेजारची पुष्पाबाई पदराचं टोक भिजवूनच आली होती. कुंकू पुसायचं काम तिला मागे ठेवायचं नव्हतं.

चतुराबाई उठली. तिने बद्रीनाथच्या हातातून खुंटा घेतला आणि माझ्यात ठोकला.

"भावजी, सुतक मला लागलंय. जात्याला न्हाई. पोरगं उपाशी हाये."

"आन् कुंकू?" पुष्पाबाई म्हणाली.

"दळून झाल्यावर बघू."

ती दळायला बसली. ओवी नव्हती. माझ्या तोंडात ज्वारी टाकताना अर्धे दाणे बाहेर सांडत होते. हात इतका कापत होता की वरची तळी अडखळत फिरत होती. पीठ कसलं, नुसत्या कण्या पडत होत्या. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, जरा हळू घे. पण आधीच सांगितलं, माझा आवाज वाईट. दुपारी कारभारी तेच पीठ गाडीवर टाकून गेला.

मग अकबरबी आली. ती मागच्या आळीत राहायची, घरी उर्दूच बोलायची. सांत्वन करायला म्हणून ती बसली, आणि बसल्या बसल्या काकासाहेबाला म्हणाली, "लिखा क्या है, बेटे? जैसा लिखा वैसा पढ."

काकासाहेबाने वाचलं, "रखमाजी मंगल के रोज यहाँ से गुजर गए."

"यहाँ से?"

"हाँ. यहाँ से."

"अरे, तो आगे गए ना. मैं रोज तेरे दरवाजे से गुजरती, मरती क्या?"

काकासाहेबाने टोपी परत घातली. पुष्पाबाईने पदर पिळला.

पण मित्रांनो, एकदा मेलेला माणूस असा लगेच जिवंत होत नाही. अकबरबी खरं बोलत होती हे चतुराबाईला पटलं, तिच्या हातांना पटलं नाही. पुढचे आठ दिवस ती पहाटे खुंटा धरी आणि वाटेकडे बघत दळी. कुत्रं भुंकलं तरी तळी थांबे. मीही घाबरलेलाच होतो. चुकीचं वाचणारा एकदा चुकला, तर बरोबर सांगणाराही चुकू शकतो.

निघाल्यापासून चौदाव्या दिवशी, हिशेबापेक्षा दोन दिवस आधी, रखमाजी आणि रामकिसन धापा टाकत दारात उभे राहिले. तळपाय सोललेले. रखमाजींनी आधी घरातली डोकी मोजली. जालन्याला त्यांनी पीठ मळलं, तेव्हा बोटांना कण्या लागल्या होत्या. चतुराचं पीठ असं पडतं, म्हणजे घरात काहीतरी भयंकर घडलंय, एवढंच त्यांना कळलं. जांबच्या रामाला हात जोडून बापलेक तिथून जवळजवळ पळतच आले होते.

"कोण गेलं?" रखमाजींनी विचारलं.

"तुम्ही," चतुराबाई म्हणाली.

रखमाजींनी जरा विचार केला. "कधी?"

"मंगळवारी."

"मंगळवारी तर मी हसनाबादेत व्हतो."

"थितंच."

रखमाजी ओसरीवर माझ्याशेजारी बसले. चतुराबाईने त्यांच्या पायांवर कोमट पाणी घातलं, आणि तेव्हा कुठे ती रडली, हुंदके देत, तांब्या हातात तसाच धरून.

मित्रांनो, आता गावात पिठाची गिरणी आली आहे. माझ्या वरच्या तळीवर कोंबड्या बसतात, खालचीला कुणी पाय पुसतं. त्याचा मला राग नाही. गिरणीचं पीठ छान असतं, रोज एकसारखं पडतं. पण त्यातून दळण आणणारीचा हात कापत होता की नाही, ते कळत नाही. म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे. तुमचं माणूस लांबच्या वाटेला लागलं, तर त्याच्या पायांची काळजी सगळे करतीलच. तुम्ही मागे राहिलेल्या माणसाजवळ जाऊन बसा, आणि त्याला तोंडाने विचारा, "तुला भीती वाटून राह्यली का?"

मला ते विचारता आलं नाही. मी नुसता फिरत राहिलो.