कोरी ताटली

“बसली!” दुर्बिणीवरचा डोळा न उचलता वेंडेल म्हणाला.

डेल्मरने रायफलची लिव्हर खाली ढकलली. तेल प्यालेल्या कडीचा असतो तसा मऊ आवाज झाला, रिकामी पुंगळी उडून खडीत पडली आणि लिव्हर पुन्हा दस्त्याला येऊन चिकटली.

“कुठे बसली?”

“खालच्या अंगाला. जराशी डावीकडे.”

“ताटलीत ना पण?”

“अरे बाबा, दुर्बीण माझ्या डोळ्याला आहे की तुझ्या? मार तिसरी. बोटं गारठली माझी.”

डेल्मरने गाल दस्त्याला लावला. तिसरा बार झाला. खाणीच्या त्या टोकाला, मातीच्या बांधावर, ताटलीपासून हातभर उजवीकडे धूळ उडाली.

“तीन!” वेंडेल म्हणाला. जरा जास्तच मोठ्याने म्हणाला.

ताटली पाकिटातून काढली तेव्हा होती तशीच पांढरी होती.

आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात हरणांच्या शिकारीच्या मोसमाआधीच्या शनिवारी हे सगळीकडे चालतं, पण ‘भुकेली घळ’ इथल्या शिकाऱ्यांच्या कॅम्पाचा नेम जरा कडक. वेंडेलच्या वडिलांनी घालून दिलेला. खाऊची एक छोटी कागदी ताटली बांधावर खिळायची आणि प्रत्येकाने तीन गोळ्या मारायच्या. तिन्ही ताटलीत गेल्या तर ताटलीवर नाव आणि साल लिहून ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर ठोकायची. नाही गेल्या तर सोमवारी, शिकारीच्या पहिल्या दिवशी, बंदूक कोपऱ्यात आणि माणूस चुलीशी. त्यावर कॅम्पात एक गाणंही होतं, कोणी रचलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं:

*ताटलीला तीन भोकं, त्याचा डोंगर, त्याचं रान,*
*ज्याची ताटली राहे कोरी, त्याने मळावी कणीक छान.*

हसत हसत म्हणायचं गाणं. पण ज्याच्यावर म्हटलं जाई तो हसत नसे.

“ताटली मी आणतो,” वेंडेल म्हणाला. “तुझा गुडघा दुखतोय ना.”

डेल्मरचा गुडघा ठणठणीत होता. गुडघ्याचं निमित्त त्याने वसंतात काढलं होतं, रस्त्याकडेची टपालपेट्यांची रांग त्याच्या गाडीखाली आडवी झाली तेव्हा. ज्या माणसाने उभा जन्म गावच्या रस्त्यावरचा बर्फ ढकलला, धुवांधार हिमवादळात एकाही पेटीला फाळ लागू दिला नाही, त्याने लख्ख दुपारी पेट्या पाडल्या. “गुडघ्यात कळ आली, ब्रेकवरून पाय सटकला,” असं त्याने बायकोला सांगितलं आणि किल्ल्या तिच्या हातात दिल्या. इडाने काही विचारलं नाही. इडा ही वेंडेलची सख्खी बहीण. तिने भावाला फोन करून एवढंच सांगितलं होतं, “त्याला सांभाळ.”

बांधाकडे तोंड आणि डेल्मरकडे पाठ करून वेंडेल उभा राहिला. नाव लिहायचा पेन्सिलीचा तुकडा त्याच्या खिशात होता. लिहिण्याआधी त्याने तो ताटलीत तीनदा खुपसला.

मागे डेल्मर खडीत गुडघ्यांवर बसून आपल्या पुंगळ्या चाचपून शोधत होता. त्या टाकून चालणार नव्हतं. त्याची रायफल सॅव्हेज कंपनीची नव्याण्णव, तीही जुन्या तीनशे तीन मापाच्या घराण्यातली. दुकानात तीनशे तीन मागितलं की पोरं इंग्रजांच्या लष्कराची काडतुसं पुढे करत. आकडा तोच, पण ती हिच्या तोंडात जायची नाहीत. खरी कुठे बनतच नव्हती. डेल्मर तळघरात बसून दुसऱ्याच जातीच्या पुंगळ्या दाबून, कातरून, घासून हिच्या मापाच्या करी. एका विधवेला दोन हिवाळ्यांचं सरपण फोडून दिलं, त्याच्या बदल्यात त्याला ही रायफल मिळाली होती. बाहेर घोडा नाही, खाली काडतुसांची पेटी लोंबत नाही. पोटात एक छोटा पितळी रहाट, त्याच्यावर काडतुसं पोहऱ्यासारखी बसत आणि लिव्हरच्या एका फेऱ्यात एकेक वर येत. बाकीच्यांच्या बंदुका काळ्या, प्लास्टिकच्या दस्त्याच्या, वर हातभर दुर्बीण. ते हिला ‘आजी’ म्हणत. “आजीला चष्मा लावून दे की रे,” असं दर वर्षी कोणीतरी म्हणे. आजीच्या अंगाला भोकं पाडून दुर्बीण ठोकणं डेल्मरला मंजूर नव्हतं.

आणि आता दुर्बिणीचाही उपयोग नव्हता. त्याच्या नजरेच्या मधोमध धुक्याचं एक बोट येऊन बसलं होतं. सरळ पाहावं ते पुसलं जाई. आजूबाजूचं सगळं जागच्या जागी. डॉक्टरीण म्हणाली होती, हे जाणार नाही, पसरेल.

संध्याकाळी कॅम्पात ॲम्ब्रोजने ताटली भिंतीवर ठोकली. ॲम्ब्रोजचे हात कापायला लागून बरीच वर्षं झाली. तेव्हापासून कॅम्पाची चूल त्याच्याकडे आणि कॅम्पाची जीभही.

“आजीने अजून दात राखलेत म्हणायचे!” तो म्हणाला. “मी तर एक ॲप्रन इस्त्री करून ठेवला होता तुझ्यासाठी, डेल.”

“ठेव, ठेव. तुझा फाटला की घाल.”

“तुम्ही दोघं भांडा, पण माझी धिरडी करपवू नका,” नोरीन टेबलावरून म्हणाली. ही वेंडेलची मुलगी. दवाखान्यात दिवसपाळी करून थेट इकडे आली होती, आणि सोमवारी डेल्मरच्या खालच्या अंगाला शिकारीला बसायची तिचीच जागा होती. “डेलकाका, पाक घ्या ना. तुम्ही काहीच खात नाही.”

जेवणं झाली. सगळे पडवीत धूर काढायला गेले तेव्हा डेल्मर भिंतीशी गेला. त्याला भोकं दिसत नव्हती. त्याने अंगठा फिरवला, पुढून, मग ताटलीची कड उचलून मागून.

गोळी जाते तेव्हा आपल्याबरोबर कागद घेऊन जाते. भोक गोल राहतं, कडेला शिशाची काळी मेणचट रेघ. पेन्सिल कागद नेत नाही, नुसता फाडते. मागे पाकळ्या उरतात. डेल्मरच्या अंगठ्याखाली तीन फुलं उमलली होती.

पडवीतून वेंडेलचं हसू येत होतं, नेहमीपेक्षा वरच्या पट्टीतलं.

ताटलीत खोटेपणा करणाऱ्याने त्याच दिवशी बिछाना गुंडाळून कॅम्प सोडायचा, हाही नेम वेंडेलच्याच बापाचा. वेंडेलला हा कॅम्प सोडून दुसरं काही आवडतच नव्हतं. बोललं तर तो जाणार. न बोललं तर आपण आंधळे सोमवारी बंदूक घेऊन उंचावर बसणार, आणि खाली नोरीन. डेल्मरला हेही कळत होतं की गप्प राहण्यात सगळं काही वेंडेलसाठी नाही. त्याला अजून एकदा जायचं होतं. पहाटेच्या काळोखात हेमलॉकच्या झाडाखाली बसायचं होतं, मांडीवर तो गार पोलादाचा भार घेऊन.

ताटलीची कड त्याने हलकेच भिंतीला टेकवली.

सोमवारी उजाडायच्या आधी सगळे निघाले. डेल्मरने काडतुसांची पितळी डबी उशीखाली सरकवली आणि रिकामी रायफल खांद्याला लावली. चढण त्याच्या पायांना पाठ होती.

बसला. थंडी हळूहळू हाडांत उतरली. डोंगर राखाडी झाला, मग तपकिरी. दूर पलीकडच्या घळीत पहिला बार झाला, मग दुसरा. कॅम्पाच्या पडवीत या वेळी ॲम्ब्रोज उभा असणार, पिठाचे हात ॲप्रनला पुसत, प्रत्येक बाराला “हा वेंडेल, हा नव्हे” असं स्वतःशी बोलत. डेल्मरला आजवर त्याची गंमत वाटायची.

दिवस चांगला वर आल्यावर बीचच्या झाडांची वाळकी पानं वाजली. खारीची असते तशी भुरभुर नव्हे. एक पाऊल, थांबणं, एक पाऊल. डेल्मरने मान वळवली आणि तिथे काहीच नव्हतं, फक्त धुकं. त्याने नजर बाजूच्या झाडावर ठेवली तेव्हा कडेला ते उभं राहिलं. तपकिरी, भारदस्त, मानेपाशी जाड. वर फांद्या होत्या की शिंगं होती, कळेना. डेल्मरने पुन्हा सरळ पाहिलं, तर हरीण गेलं. बाजूला पाहिलं, तर आलं. जिथे नेम धरायचा तिथेच ते नव्हतं.

रायफल त्याच्याही नकळत खांद्याशी गेली होती. गाल दस्त्याच्या झिजलेल्या जागी बसला. बोट चापाला लागलं. श्वास आपोआप अर्ध्यावर थांबला, सगळं आयुष्य थांबत आला तसा. त्याने चाप ओढला नाही. नुसता थांबला. हरणाने एकदा नाकातून फुरकारा टाकला, आणि पानं वाजत वाजत उताराला लागली.

डेल्मरने रायफल खाली घेतली. आणि मग, बरोबर त्याच रेषेत, जिथे तपकिरी होतं त्याच्या थोडं पलीकडे, शिकाऱ्याच्या जाकिटाचा नारिंगी डाग उठून उभा राहिला.

“काका!” नोरीन हात हलवत वर आली. “पाहिलंत? केवढा होता! अगदी तुमच्या पुढ्यात.”

“तू इथे कशी? तुझी जागा झऱ्यापाशी ना?”

“तिथे वारा बोचत होता. म्हटलं खडकाच्या आडोशाला बसावं, तुमच्या जवळही होईल.” ती धापा टाकत हसली. “मी त्याला नेमात पुरता धरला होता हो. पण मागे तुम्ही होतात, म्हणून बोट काढलं. तुम्ही का नाही मारलंत?”

डेल्मरने रायफल मांडीवर आडवी केली.

“माझ्या बाजूनेही त्याच्या मागे कोणीतरी होतं,” तो म्हणाला.

ती पुन्हा खाली गेली. त्याने लिव्हर उघडून आतला रिकामा रहाट अंगठ्याने पुन्हा एकदा चाचपला आणि लिव्हर मिटली.

दुपार कलली तेव्हा वेंडेल आला. चढण चढायचं त्याचं वय राहिलं नव्हतं, आणि त्याची जागा सोडायची वेळही झाली नव्हती. चेहरा राखेसारखा. येताना नोरीन भेटली असणार.

“डेल,” तो झाडाला टेकला. “डेल, ती शनिवारची ताटली…”

“पेन्सिल होती.”

वेंडेल म्हणाला, “कधी कळलं?”

“त्याच संध्याकाळी.”

“आणि तरी तू बंदूक घेऊन इथे बसलास? खाली पोर असताना?”

डेल्मरने लिव्हर खाली ढकलली आणि रायफल त्याच्यापुढे उघडी धरली. वेंडेलने वाकून पाहिलं. आतला पितळी रहाट रिकामा होता, एकही पोहरा भरलेला नव्हता. वेंडेल खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी टोपी तोंडावर ओढली.

“मी भरून आलो असतो तर?” डेल्मर म्हणाला. आवाज चढला नाही, पण त्याला धार होती. “मला पारखता आली नसती तुझी ती कागदाची फुलं तर? हरीण नि पोरगी एका रेषेत होती, वेंडेल. एका रेषेत. मी मारलं असतं, तुझ्या शब्दावर.”

“इडा म्हणाली सांभाळ. मला दुसरं काय सुचणार? तुला काय सांगू, जा, चुलीशी बस म्हणून?”

“हो. तेच सांगायचं होतंस.”

“सांगवलं नाही रे.”

“मलाही नाही सांगवलं. मग आपण दोघं सारखेच.”

वारा पडला. हेमलॉकवरून थोडी वाळकी पानं सुटून दोघांच्या मध्ये सांडली.

“ताटली आज खाली काढ,” डेल्मर म्हणाला. “सगळ्यांना मी सांगतो की मला दिसत नाही, आणि दुर्बिणीतून बघणारा त्याहून आंधळा निघाला. हसतील तुला. हसू दे. घालवणार नाहीत.”

“आणि तुला?”

“मला कोण घालवतंय? ॲम्ब्रोजला बटाटे सोलायला माणूस हवाच आहे. फक्त ते गाणं माझ्यापुढे म्हणू नका, एवढं सांग त्यांना. पहिलं वर्षभर तरी.”

वेंडेलने बाहीला नाक पुसलं. “नाही म्हणणार कोणी.”

उजेड पिवळा होऊन झाडांच्या बुंध्यांना लागला होता. थोड्या वेळात सावल्या आणि खड्डे एकच होणार होते, आणि या उताराला डेल्मरच्या पायांनी पाठ केलेली वाट पुरणार नव्हती. तो उठला. एक क्षण थांबून त्याने उघड्या लिव्हरसकट रायफल वेंडेलपुढे धरली.

“घे. उतरताना मला दोन्ही हात लागतात आता.”

वेंडेलने ती घेतली. आजवर त्याने हिची टिंगल केली होती, पण हातात कधी घेतली नव्हती. ती कोणाच्याच हातात कधी गेली नव्हती. आपली रायफल खांद्याला होती ती त्याने दुसरीकडे सरकवली आणि डेल्मरची, निजलेलं मूल घ्यावं तशी, या खांद्यावर घेतली.

“दस्ता कुठे घासू नकोस,” डेल्मर म्हणाला.

“नाही घासत.”

दोघं उतरू लागले. वेंडेल पुढे, डेल्मर मागे, डावा हात वेंडेलच्या जाकिटाच्या पाठीला घट्ट धरलेला. “इथे मूळ आहे.” “हं.” “आता दगड, मोठा आहे.” “हं.” खाली कॅम्पाच्या धुराड्यातून धूर सरळ वर चालला होता.

एका सपाट जागी दोघं दम खायला थांबले. डेल्मरचा उजवा हात सवयीने खांद्याशी गेला आणि अंगठा रायफलच्या पट्ट्याखाली सरकवायला वळला. जाकिटाचा रंग तिथे झिजून पांढरा पडला होता. अंगठ्याला काही लागलं नाही. थोडा वेळ तो हात तसाच तिथे राहिला, आणि मग दोघं पुन्हा चालू लागले.