मधलं तावदान

संशय घेणं हा प्रमोदचा पोटापाण्याचा धंदा होता. मुंबईत एका विमा कंपनीत, दावे तपासायच्या खात्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. कुणाचं दुकान जळालं, कुणाची गाडी दरीत गेली, की बाकीचे आधी हळहळत आणि प्रमोद आधी विचारी, यात फायदा कुणाचा? कचेरीत या गुणाचं कौतुक व्हायचं. घरी त्याची बायको रसिका म्हणायची, दूध नासलं तरी हा माणूस गवळ्याची उलटतपासणी घेईल.

असा हा प्रमोद मे महिन्यात चार दिवस रत्नागिरीला आईकडे आला. मागच्या दाराशेजारच्या खिडकीचं मधलं तावदान फुटलेलं आणि त्या जागी खोक्याचा पुठ्ठा खोचलेला त्याला दिसला, तेव्हा पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्याने विचारलं, "हे कुणी फोडलं?"

"बोक्याने," कमलाबाई म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला वळल्या.

घरात बोका नव्हता. शेजारीपाजारीही बोका असल्याचं प्रमोदला आठवेना. पण आई चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई, सगळी वाडी तिला आजही 'बाई'च म्हणते. तिच्याशी पहिल्याच मिनिटाला वाद कोण घालणार?

घर गावाच्या कडेला उतारावर होतं. प्रमोदचे वडील दत्ताराम मिरकरवाड्याच्या बंदरात होड्यांचं सुतारकाम करायचे. त्यांनी हे घर स्वतःच्या हाताने उभं केलं होतं. मागचं दार जरा अंधारात येतं म्हणून त्याला लागून त्यांनी एक अरुंद, न उघडणारी खिडकी ठेवली होती. एकावर एक तीन तावदानं. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि कमलाबाई एकट्या राहिल्या. तेव्हा मायलेकांत करार झाला होता: जमतंय तोवर राहायचं, पण एकदा जरी काही वेडंवाकडं झालं, तर निमूटपणे मुंबईला यायचं. कमलाबाई हो म्हणाल्या होत्या. पण प्रमोदचा कळव्याचा सातव्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांनी एकदा आठवडाभर राहून पाहिला होता. इथे रविवारी बुद्धवंदनेला त्यांचा आवाज पुढे असे, संध्याकाळी ओटीवर मुलं पाढे म्हणायला बसत. इथे त्या बाई होत्या आणि कळव्याला नुसत्या रसिकाच्या सासूबाई. त्यामुळे करार पाळायची वेळ येऊ नये, म्हणून त्या डोळ्यांत तेल घालून जपत असत.

चहा पिता पिता प्रमोद घर न्याहाळत होता. खाटेपासून न्हाणीपर्यंत भिंतीला कमरेच्या उंचीवर एक जाड दोरी ताणून बांधलेली होती. तिच्यावर एकच टॉवेल लटकत होता. एवढी खाली दोरी कशाला, असं त्याने विचारलं, तर कपडे वाळत घालायला हात वर जात नाहीत, असं उत्तर आलं. उशाशी तेलाचा रिकामा डबा आणि लाटणं होतं. ते वानरांसाठी, असं कमलाबाई म्हणाल्या.

हे मात्र खरं वाटण्यासारखं होतं. अलीकडे वानरांनी वाडीचा पिच्छाच पुरवला होता. दार उघडं दिसलं की थेट भाकऱ्यांच्या टोपलीपर्यंत जात. म्हणून भर दुपारीसुद्धा सगळ्यांची मागची दारं आतून कडी लावून बंद. एका घरात डबा वाजला की शेजारच्या घरात वाजायचा, मग त्याच्या पलीकडे, आणि वरपासून खालपर्यंत सगळी वाडी डबे बडवून वानरांना उतारावरून हाकलून द्यायची. वाडीत दुसऱ्या कशावर एकमत होत नसलं, तरी यावर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमोदने वडिलांची हत्यारांची पेटी काढली. बंदरावरच्या काचेच्या दुकानात माप देऊन तो काच कापून घेऊन आला, येताना काच पक्की करायची लांबीही आणली. कारागीर बोलवायची गरज नव्हती. लहानपणी त्याने वडिलांच्या हाताखाली कितीतरी तावदानं बसवली होती. कमलाबाईंना मात्र हे काम पसंत नव्हतं. पुठ्ठा चांगला आहे, वारा लागत नाही, कशाला हात कापून घेतोस, असं त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या, तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय हे प्रमोदने ओळखलं. फुटकी काच बदलायला कुणाची ना असते?

त्याने पुठ्ठा काढला. पुठ्ठ्यावर बोटांचे तांबडे डाग होते. हाताला फडकं गुंडाळून त्याने चौकटीतल्या काचेच्या कपच्या एकेक करून उपटल्या आणि मग पटाशीने जुनी लांबी खरवडायला घेतली. ही लांबी म्हणजे खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून केलेला गोळा. काचेच्या कडेने दाबून भरला की वर्षभरात दगडासारखा होतो. वरच्या आणि खालच्या तावदानाची लांबी तशीच होती, नख रुतत नव्हतं. मधल्याची मात्र पटाशी लावताच गाजराच्या हलव्यासारखी निघून आली.

प्रमोद थांबला. लांबी ताजी होती, म्हणजे आत्ता फुटलेली काचसुद्धा अलीकडेच कुणीतरी बसवलेली होती. दिवाळीत तो येऊन गेला, त्यानंतर हे तावदान एकदा नाही, दोनदा फुटलं होतं. आईने यातलं अवाक्षरही सांगितलं नव्हतं.

त्याने मोकळ्या चौकटीतून हात आत घातला. कोपर आत गेलं, आणि बोटं नेमकी दाराच्या कडीवर पडली.

बोका वरचं तावदान फोडेल, खालचं फोडेल. कडीजवळचंच नेमकं दोनदा फोडणारा बोका दोन पायांचा असला पाहिजे. कुणीतरी घरात शिरत होतं. आणि आई त्याला पाठीशी घालत होती, किंवा त्याला भीत होती. दोन्हीपैकी काहीही खरं असलं, तरी तिला आता इथे ठेवणं शक्य नव्हतं.

तांबड्या डागांचा उलगडा व्हायला वेळ लागला नाही. परसाच्या दगडी गडग्यापलीकडे शेजारी काशीराम रतांबे फोडत बसला होता, आमसुलं घालायला. दोन्ही हात मनगटापर्यंत तांबडे. खरं म्हणजे मे महिन्यात अर्ध्या वाडीचे हात तांबडेच असतात, पण संशयाला एकच माणूस पुरतो. शिवाय गेल्या वर्षी काशीरामच्या मुलाने, विनोदने, गाडी लावायला बाईंच्या परसातली पट्टी विकत मागितली होती. फायदा कुणाचा, या प्रश्नाला प्रमोदला उत्तर मिळालं.

तो गडग्यापाशी गेला. काशीराम त्याच्या वडिलांच्या वयाचा, पण प्रमोदने आवाज चढू दिला नाही. कचेरीत तो असाच बोलायचा.

"काका, आमचं तावदान तुम्ही फोडलंत?"

काशीरामचे हात थांबले. त्याने प्रमोदकडे पाहिलं, मग त्याच्या पाठीमागे दारात उभ्या असलेल्या कमलाबाईंकडे पाहिलं, आणि पुन्हा रतांब्यांकडे.

"बाईंना इचार," तो म्हणाला.

"मी तुम्हाला विचारतोय. आईच्या माघारी आमच्या घरात शिरायचं तुम्हाला काय कारण?"

काशीरामचा चेहरा रतांब्यासारखा झाला. प्रमोदने तीच कबुली धरली. यापुढे आमच्या दाराशी येऊ नका, परसाचं स्वप्नही बघू नका, असं सांगून तो वळला. काशीरामने फोडलेला रतांबा तसाच टोपलीत टाकला आणि आत निघून गेला.

कमलाबाईंनी लेकाला एवढंच विचारलं, की हे बोलायच्या आधी मला का नाही विचारलंस. विचारलं होतं, तू बोका म्हणालीस, असं तो म्हणाला. आता सामान बांधायचं, परवा माझ्याबरोबर निघायचं, करार ठरलेला आहे, हेही त्याने सांगून टाकलं. कमलाबाईंनी पदर सारखा केला आणि भिंतीच्या कडेकडेने चालत विहारात निघून गेल्या. तिथे रविवारची तयारी होती. इतकी वर्षं शाळेत ताठ चाललेली बाई भिंतीला धरून का चालते, हा प्रश्न त्या तपासनिसाला पडला नाही.

तो पुन्हा कामाला लागला. चौकट पुसली, लांबीचा गोळा हातावर मळून मऊ केला. ऊन वाढलं तसा घसा सुकला. गोळा पायरीवर ठेवून तो पाणी प्यायला आत गेला आणि आईने अंगवळणी पाडल्याप्रमाणे मागे कडी लावली.

पाणी पिताना मोकळ्या चौकटीतून त्याला पायरी दिसली. पायरीवर एक दांडगा वानर बसला होता. भाकरीचं पीठ समजून त्याने लांबीचा गोळा उचलला होता आणि तो विचारपूर्वक हुंगत होता. प्रमोदने खाटेच्या उशाचा डबा आणि लाटणं उचललं आणि चौकटीशी येऊन तीन वेळा बडवलं. वानराने नुसती मान वर केली. मुंबईच्या माणसाचं बडवणं ते, लगेच थांबला. मग पुन्हा तीनदा बडवलं, पुन्हा थांबला. वानराने गोळ्याचा लचका तोडला, थुंकला, गोळा टाकून आपल्या मर्जीने गडग्यावर चढला.

प्रमोदला एका गोष्टीचं नवल वाटलं. वाडीत एकही डबा वाजला नाही. वरच्या घरी नाही, खालच्या घरी नाही. सगळं चिडीचूप.

आणि मग धावणारे पाय वाजले. गडग्यावरून उडी पडली. खिडकीपुढे सावली आली, मोकळ्या चौकटीतून एक हात आत शिरला, तांबडा, बोटांना आमटीभात लागलेला. त्या हाताने न चाचपडता कडी काढली, दार धाडकन उघडलं, आणि काशीराम धापा टाकत आत आला.

"बाई! कुटं पडलाव? न्हानीत काय?"

समोर प्रमोद उभा होता, एका हातात डबा, दुसऱ्या हातात लाटणं. काशीरामने खाटेकडे पाहिलं, न्हाणीकडे पाहिलं, आणि मग तो दारातच मटकन खाली बसला. "बाई बऱ्या हायत ना?" त्याने विचारलं. विहारात आहेत, असं प्रमोदने सांगितलं.

आता झाकून ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं. काशीरामने जेवढं होतं तेवढं सांगितलं. थंडीत बाई न्हाणीच्या उंबऱ्याशी पडल्या. उठता येईना, म्हणून हाताला लागलेला पत्र्याचा डबा बडवायला लागल्या. तो ऐकून काशीरामने आपला डबा घेतला. वरच्या मैनाने घेतला. सगळी वाडी बाहेर येऊन जीव तोडून डबे बडवत राहिली, नसलेल्या वानरांना हाकलत राहिली, आणि बाई आत जमिनीवर पडून बडवत होत्या. सगळे थांबले तरी बाईंचा डबा थांबेना, तेव्हा काशीरामच्या लक्षात आलं. दाराला आतून कडी. त्याने तावदान फोडलं.

"म्या पन त्यात डबा बडवत हुतो रे," तो म्हणाला. "ह्येच मना खातं."

त्यानंतर वाडीने आपसांत ठरवलं. बाईंच्या घरचा डबा तीनदा वाजून थांबला, तर कुणी आपला डबा वाजवायचा नाही, काशीरामने धावायचं. काच त्यानेच बसवली. गेल्या पंधरवड्यात घेरी येऊन बाई पुन्हा पडल्या, पुन्हा तीच काच गेली. मुंबईला कळू द्यायचं नाही, अशी बाईंनी सगळ्यांकडून शपथ घेतली होती. सगळ्या वाडीला त्यांनीच अक्षर शिकवलेलं; बाईंचा शब्द कोण मोडणार?

सकाळी ज्याला आपण दारात येऊ नको म्हणालो, तो माणूस भरल्या ताटावरून उठून आला होता. प्रमोदला लाज वाटली, इतकी की ती कुठे ठेवावी हे कळेना. त्याला आईचा रागही आला, आणि जमिनीवर पडून डबा बडवणारी आई डोळ्यांपुढून हलेना. तो म्हणाला, "काका, सकाळी मी जे बोललो..."

"आदी हातावर पानी घाल," काशीराम म्हणाला. "खरकटं सुकलंय."

प्रमोदने त्याच्या हातावर तांब्याने पाणी घातलं. रतांब्याचा रंग काही गेला नाही.

काशीराम गेल्यावर प्रमोद बराच वेळ काच मांडीवर घेऊन पायरीवर बसला. करार करार म्हणून आईला परवा गाडीत घालता आलं असतं. कळव्याला ती पडली असती, तर सातव्या मजल्यावर तिचा डबा ऐकून कोण धावलं असतं? शेजारच्या दारावरच्या पाटीवरचं नावसुद्धा त्याला धड आठवेना. मग त्याने वडिलांच्या पेटीतून लाकडाच्या बोटभर पट्ट्या शोधल्या, प्रत्येकीला मधोमध एकच खिळा मारून त्या चौकटीला बाहेरच्या बाजूने बसवल्या, देवळीच्या दाराला असतात तशा फिरत्या. काच नुसती टेकवली आणि फिरक्या आडव्या केल्या. लांबी भरलीच नाही. फिरक्या उभ्या केल्या की काच अलगद हातात येत होती. ज्याने जन्मभर लोकांच्या कड्याकुलपांवर संशय घेतला, त्याने आपल्या आईच्या घराचं तावदान बाहेरून उघडेल असं बसवलं.

ऊन उतरताना कमलाबाई आल्या. त्यांनी खिडकी पाहिली. काचेच्या कडेवरून बोट फिरवलं, एक फिरकी उभी केली, पुन्हा आडवी केली. गडग्यापलीकडे पाहिलं, काशीराम मान खाली घालून रतांबे फोडत होता. त्यांना सगळं समजलं, हे प्रमोदला समजलं.

"लांबी संपली काय रे?" त्यांनी विचारलं.

"संपली."

वानराने लचका तोडलेला तो एवढा मोठा गोळा पायरीवर तसाच पडला होता. कमलाबाईंनी तो उचलला आणि आत नेऊन फळीवर वाटीखाली झाकून ठेवला.

तेवढ्यात रसिकाचा फोन आला. काच बसली का, आईंची तब्येत कशी आहे, सामान बांधलं का, असं तिने विचारलं. काच बसली, आई ठणठणीत आहे, ती इथेच राहील म्हणते, असं प्रमोदने सांगितलं. न्हाणीकडे जाणाऱ्या त्या दोरीचं एक टोक खाटेपाशी सैल झालं होतं, बोलता बोलता तो ते घट्ट बांधत होता. आणि ती काच फोडली तरी कुणी, असं रसिकाने विचारलं.

कमलाबाई चुलीपाशी थांबल्या. प्रमोदने त्यांच्याकडे पाहिलं.

"बोक्याने," तो म्हणाला.