आईच्या पानात बाजारचं जिरं

माझ्या आईचा चेहरा आता बरणीवर आहे. डोक्याला काळा रुमाल, ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर आठ्या. पर्यटकांना वाटतं, वा, काय करारी म्हातारी आहे पहाडातली. करारी कसली, फोटो काढला तेव्हा ती माझ्या भावाला झापत होती. बिमुर्झानं घरात मिक्सर आणला होता आणि लसूण त्यात घाल म्हणून तिच्या मागे लागला होता. "हे यंत्र उचल, नाहीतर मी तुला उचलते," असं ती म्हणाली आणि यानं मोबाइल वर धरला. त्याच फोटोखाली आता छापलंय: दारेजानच्या हातचं स्वानी मीठ. दारेजान म्हणजे आई, स्वान म्हणजे आम्ही इथले पहाडी लोक.

त्या बरणीत दारेजानच्या हातचं काय आहे ते मी सांगते. काहीच नाही. बाजारातून पोत्यानं आणलेलं जिरं आहे. लसणाची भुकटी आहे, जी ओल्या लसणाशी कुठलंच नातं सांगत नाही. पिवळेपणासाठी झेंडूच्या वाळल्या पाकळ्या लागतात, तिथे रंग आहे. निळ्या फुलांची मेथी नावापुरती. आणि गित्सरुली? तिचं एक बीसुद्धा नाही.

गित्सरुली म्हणजे आमच्या उंच कुरणांवरचं रानजिरं. शहाजिऱ्याच्या कुळातलं, पण शहाजिऱ्यालाही हुडहुडी भरेल अशा जागी वाढतं. उन्हाळा संपता संपता त्याचं बी पिकतं, आणि एक वारा सुटला की सगळं जमिनीवर. त्याच्या आत बाया वर पोचल्या पाहिजेत. आई शेवटच्या वर्षीही चढली, गुडघ्यांना शिव्या देत. दर वळणावर थांबायची आणि मला म्हणायची, तू पुढे हो, मी डोंगराशी बोलून येते. वर पोचल्यावर मात्र माझ्या दुप्पट वेगानं हात चालायचा. खाली आल्यावर बी सावलीत वाळवायचं, धणे आणि शेपूच्या बियांबरोबर कुटायचं, मग लाकडी उखळात मीठ आणि सोललेला लसूण घालून, मिठाला लसणाचा ओलावा लागेपर्यंत मुसळ थांबवायचं नाही. डोळ्यांतून पाणी यायचं. आई म्हणायची, रडून घे, वर्षभराचं एकदम उरकतं.

त्या वर्षी तिनं बियांचे दोन वाटे केले. एक मला दिला, एक बिमुर्झाच्या घरात ठेवला. वसंतात बर्फ वितळायला लागलं आणि ती गेली. तिच्या हातचं ते बी बिमुर्झानं काय केलं माहीत आहे? नमुना म्हणून राजधानीतल्या एका दुकानदाराला पाठवलं. नमुन्याच्या बरण्या खऱ्या बियांच्या. दुकानदार वास घेऊन खूश झाला, मागणी आली, आणि मागणी आल्यावर जिऱ्याची पोती आली.

मी शरद ऋतूत त्याच्याशी भांडले होते. तो म्हणाला, "ताई, त्यांना कुठे कळतंय? ते लोक बटाट्यावर टाकतात आणि वाहवा करतात." मी म्हटलं, त्यांना कळत नाही म्हणून तू खोटं देणार, आणि वर आईचं तोंड लावणार? तर म्हणे, कुरण फार वर आहे, चढणार कोण, तू चढतेस का? हो, मी चढते. चढले होते, एकटी. पण तो हसला आणि पाहुण्यांच्या खोल्यांत चादरी बदलायला गेला. त्याचं पाहुणघर आहे, त्याला कामं असतात.

ठीक आहे, गप्प बसले. विकायचं ते विक म्हटलं. परके लोक काय खातात त्यावरून मी रक्त आटवणार नव्हते.

मग जानेवारी आला आणि लिपानाली आली.

लिपानालीला आमचे गेलेले लोक घरी येतात. काही दिवस राहतात, मग जातात. त्यांच्यासाठी पान मांडायचं, आणि सगळं गरम, कारण त्यांना तोंड नसतं, ते वाफ खातात. घरचा कर्ता दारात उभा राहून एकेकाचं नाव घेऊन बोलावतो. ते जेवत असताना घरचे भिंतीला लागून उभे राहतात आणि कुणी एक शब्द बोलत नाही. आमच्या गावात आणखी एक कडक नियम आहे: हा स्वयंपाक रांधणारीनं चाखायचा नाही. आधी त्यांनी जेवायचं, मग आपण. मीठ कमी झालं, मसाला चुकला, तरी कळायला नाकाशिवाय काही नाही. आई अशा वेळी पातेल्यावर वाकून डोळे मिटायची आणि नुसत्या वासावरून सांगायची की चिमूटभर कमी आहे.

तिला एकाच गोष्टीची धास्ती होती. म्हातारपणी डोळे अधू झाले तेव्हा ती मला म्हणाली होती, "मेल्यावर तर तेवढंही दिसणार नाही. बर्फात सगळी घरं सारखी. मी आपली वासानं येईन. तेवढं सांभाळा, नाहीतर कुणाच्या तरी घरात जाऊन बसेन आणि शिव्या खाईन."

सगळे हसले होते. मी हसले नव्हते. आणि आता ही लिपानाली तिची पहिली होती.

माझ्या सासरचं पान सांभाळायला मोठी जाऊ होती. मी माझ्या मिठाची पुरचुंडी कमरेला बांधली आणि गुडघाभर बर्फातून माहेरी गेले. दार उघडलं आणि तिथेच थांबले. घरात जिऱ्याचा वास होता. बाजारच्या जिऱ्याचा, भाजलेल्या धुळीसारखा. माझी भावजय इंगा काथवटीत कुबदारीचं, म्हणजे आमच्या मांस भरलेल्या रोटीचं, सारण मळत होती. डुकराचं मांस, कांदा, आणि शेजारी उघडी बरणी. बरणीवर आई. स्वतःच्या जेवणात काय पडतंय ते आठ्या घालून बघत होती.

मी इंगाला विचारलं, हे काय घातलंस. ती खाली मान घालून म्हणाली, "जे घरात आहे ते, ताई. मला नका बोलू, भावाला बोला." तिचं बरोबर होतं. तिच्यावर आवाज चढवणं सोपं होतं म्हणून मी चढवला नाही.

बिमुर्झा आणि ओतियाकाका चुलीपाशी बसले होते. ओतियाकाका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, घराण्यात उरलेले सगळ्यात वडील. त्यांनी हो म्हटलं तर हो, नाही म्हटलं तर विषय संपला. मी पुरचुंडी सोडून त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, सारण अजून भरायचंय, थोडं मांस शिल्लक आहे, मी नवीन मळते. आईचं पान आईच्या मिठाचं होऊ दे.

"तू मळणार?" बिमुर्झा म्हणाला. "तू दिलेली मुलगी आहेस, ताई. आत्म्यांच्या कणकेला दिलेल्या मुलीचा हात लागत नाही. काका, सांगा हिला."

काकांनी सांगितलं. शांतपणे सांगितलं, राग नाही, काही नाही, जसं कुणी सांगतं की बाहेर बर्फ पडतंय. "रीत आहे, मक्वाला. मुलगी गेली की तिचं घर वेगळं. तू पाहुणी आहेस, बस, घोटभर आराख घे."

काकांचा मान मी ठेवते. पण त्या दिवशी माझ्या घशाशी जे आलं ते मी गिळलं नाही. मी म्हटलं, काका, हे मीठ तुमच्या घराण्याचं कधी होतं? तुमच्या आईच्या हातच्या कुबदारीत फक्त कांदा आणि मिरी असायची, हे तुम्हीच सांगता. माझी आई डोंगरापलीकडून लग्न होऊन आली ती कमरेला हे मीठ बांधून आली. तिच्या आईनं दिलेलं. त्या आईला तिच्या आईनं. म्हणजे दिलेल्या मुलींनीच हे मीठ इथवर आणलं. तुमच्या घराण्याच्या दगडी बुरुजात बंदुका सापडतील, जुनी वैरं सापडतील, मीठ सापडणार नाही. ते बायांबरोबर चालत आलंय. आणि आता तुम्ही मला सांगता, तुझा हात चालत नाही? पोत्यातलं जिरं चालतं? त्याला कुठल्या रीतीनं आत घेतलं? ते तर या डोंगरातलंही नाही.

बिमुर्झा म्हणाला, "तू ना, आईसारखीच बोलतेस."

"मग माझाही फोटो काढ."

इंगाचा हात काथवटीत थांबला. तिला हसू आलं होतं, तिनं ते मान वळवून खांद्यात लपवलं. पण काकांनी हात वर केला. उजेड चालला होता, पान मांडायची वेळ झाली होती, आणि अशा दिवशी घरात भांडण नको. रीत ती रीत. मी पुरचुंडी उचलली आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. माझी जागा तिथेच, पाहुणीची.

कुबदाऱ्या भाजून आल्या. इंगानं त्या कापल्या, वाफ निघाली. घेवडा आला, चीज घातलेले बटाटे आले, मेणबत्त्या लागल्या. बिमुर्झानं दार उघडलं. बाहेर निळसर बर्फ, आणि खरंच, सगळी घरं सारखी. त्यानं नावं घेतली. आजोबा, आजी, वडील, लहानपणी गेलेला आमचा एक भाऊ. सगळ्यात शेवटी आईचं नाव घेताना त्याचा आवाज फुटला. तो ढोंगी नाही. आईवर त्याचाही जीव होता. म्हणूनच मला जास्त संताप आला, कारण जीव असलेला माणूस असं कसं करतो हे मला आजही समजलेलं नाही.

त्यानं दार लोटलं आणि भिंतीशी येऊन उभा राहिला. शांतता झाली. पानावरची वाफ वर जात होती आणि तिला धुळीचा वास होता. मला दिसत होतं, आई बाहेर कुंपणापाशी उभी आहे, नाक वर करून, आणि तिला काही सापडत नाही. तिनं तेवढंच मागितलं होतं.

कणकेला हात लावायचा नाही, असं ते म्हणाले होते. चुलीबद्दल कुणी काही म्हणालं नव्हतं.

मी चार पावलं चालत लोखंडी चुलीपाशी गेले, पुरचुंडीत हात घातला आणि मूठभर मीठ तापलेल्या लोखंडावर टाकलं. तडतड झाली. लसूण आधी बोलला, मग धणे, मग मेथीचा तो कडवट गोडवा, आणि शेवटी गित्सरुली, सगळ्यांना बाजूला सारत, थंड आणि तिखट, जणू कुणी कुरणाचं झाकण उघडलं. धूर सगळ्या घरात गेला. मी आणखी एक मूठ टाकली.

बिमुर्झा माझ्याकडे बघत होता. जबडा हलत होता, पण शब्द काढता येत नव्हता. ते जेवत असताना बोलायचं नाही, ही त्यांचीच रीत. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात माझं म्हणणं पूर्ण केलं आणि कुणी मध्ये बोललं नाही.

ओतियाकाकांनी डोळे मिटले होते. त्यांच्या नाकपुड्या हलल्या, आणि त्यांनी काय केलं ते मी स्वतः पाहिलं: ते दाराच्या वाटेतून सरकले. बाजूला झाले, अंग चोरून, कुणी आत येताना आपण होतो तसे. मग बिमुर्झाही सरकला. मला वाटतं, त्याला कळलंसुद्धा नाही.

आम्ही उभे राहिलो. मेणबत्त्या बऱ्याच खाली आल्या तेव्हा काकांनी मान हलवली आणि जिवंतांची पाळी आली.

काकांनी कुबदारीचा घास घेतला, चावला, थांबला हात. घास गिळला, कारण ते अन्न टाकणारे नाहीत, पण तुकडा परत ताटात ठेवला. कुणाकडे न बघता माझ्याकडे हात पसरला. मी पुरचुंडी दिली. त्यांनी चिमूट काढून तुकड्यावर टाकली आणि मग खाल्ला. बिमुर्झाला म्हणाले, "त्या बरणीवरून वहिनीचं तोंड काढ. तिला लाज वाटत असेल."

"छापून झाल्यात, काका."

"मग खरवड."

पुढे बिमुर्झानं आईच्या फोटोच्या जागी बुरुजाचं चित्र छापलं. आत तेच जिरं. बुरुज तक्रार करत नाही. पण ते नंतरचं.

त्या संध्याकाळी काकांनी तोंड पुसलं आणि निवाडा दिल्यासारखं म्हणाले की आत्मे अजून काही दिवस आहेत, उद्याही पान मांडायचंय. "असं कर, मक्वाला. मीठ तू ठेवून जा. इंगा मळेल. दरवर्षी मीठ तू पाठवत जा. आपल्याकडे मिठाला कधी मनाई नव्हतीच."

बघा म्हणजे. मघाशी रीत आडवी येत होती, आणि आता मिठाला कधी मनाई नव्हतीच. माझं डोंगर चढणं हवं, माझं कुटणं हवं, माझ्या डोळ्यांचं पाणी हवं, फक्त हात नको.

मी पुरचुंडीची गाठ बांधली. म्हटलं, "काका, मीठ हवं असेल तर हातासकट. नाहीतर उद्या मी माझ्या सासरच्या दारात उभी राहून आईला तिकडे बोलावते. येईल ती. वाट तिला आता सापडलीय."

बिमुर्झा उठला, गुरांना बघून येतो म्हणाला आणि दार ओढून गेला. गुरांना मघाशीच चारा घातला होता.

कुणी हो म्हटलं नाही. इंगानं मात्र उद्याचं मांस खाली उतरवलं, काथवट स्वच्छ धुतली आणि चुलीच्या या बाजूला, माझ्या गुडघ्यापाशी आणून ठेवली. मग शेल्फवरची बरणी उचलली आणि आईचं तोंड भिंतीकडे करून ठेवली.

मी बाह्या वर केल्या.