मामाचं कुलूप

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाने काय करायचं, हे मी एकवीस वर्षं लोकांना सांगत आलोय. घाबरू नका, घंटा दाबा, दार ओढू नका, शांत बसून राहा. बाहेर उभं राहून सांगायला काय जातंय! त्या संध्याकाळी मी स्वतः आत होतो, टी-शर्टात एक हात घातलेला, एक बाहेर, आणि भिंतीपलीकडे माझा बँड वाद्यं जुळवत होता.

माझाच म्हणायचा. सव्वीस वर्षं झाली त्यांचा चाहता होऊन. दौरा कुठल्याही गावी असो, गाडी करून जायचो. मुलगी पाळण्यात होती तेव्हा तिला अंगाई येत नव्हती मला, यांचीच गाणी म्हणायचो. ती त्यांच्यावर वाढली. आणि या वर्षी दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम आमच्याच शहरात, आमच्याच कंपनीकडे ज्याच्या लिफ्टची देखभाल आहे त्याच सभागृहात! तिकिटं लेकीने काढली. शेजारशेजारच्या दोन खुर्च्या.

आता खरं ते सांगतो. मुलगी आणि तिची आई तीन वर्षं माझ्यापासून वेगळ्या राहतात. लेकीला मी किती वेळा ‘येतो’ म्हणालो आणि गेलो नाही, त्याला गणती नाही. तिच्या शाळेच्या निरोपाला नाही, तिचा हात मोडला तेव्हा दवाखान्यात नाही. दर वेळी एकच सांगायचो, ‘कामावर अडकलो गं.’ निम्म्या वेळा खरं होतं. निम्म्या वेळा मी यांच्याच कार्यक्रमाला गेलेलो असायचो. ते तिला कळलं होतं. कसं कळलं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

गुरुवारी ती शिकायला परदेशी जाणार होती. तिकीट हातात देताना म्हणाली, “बाबा, या वेळी आला नाहीस ना, तर गुरुवारी मला पोचवायलाही येऊ नकोस. मी भांडत नाहीये. फक्त सांगतेय.”

भांडली असती तर बरं झालं असतं.

तर त्या दिवशी रंगमंचामागच्या सामानाच्या लिफ्टचं दार नीट बसत नव्हतं. सहापर्यंत दुरुस्त करून मी मोकळा होणार होतो. आमच्या कामात एक नियम आहे. लिफ्टमध्ये हात घालण्याआधी वर मशीनच्या खोलीत जायचं, मुख्य स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवायची. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मग तो मालक का असेना. एकदा एकाने दुसऱ्याचं कुलूप तोडून स्विच चालू केला होता, आणि खाली माणूस होता. त्यानंतर मी या नियमाचा असा काही धाक बसवला की लोक मला ‘कुलूपवाले’ म्हणायला लागले.

काम झालं. मी माझं कुलूप काढलं, स्विच चालू केला, लिफ्ट दोनदा खालीवर नेऊन पाहिली. लोण्यासारखी चालली! कपडे बदलायचे राहिले होते. पण बाहेर बँडची माणसं, बाया-बाप्ये, तारांची भेंडोळी. म्हणून मी आमच्या धंद्यातले सगळे करतात तेच केलं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबवली. याहून खासगी खोली जगात नाही. कानात गाणी लावली, तीही त्यांचीच, आणि मोठ्याने गात शर्ट काढला.

नेमका तेव्हा मामा वर आला.

मामा म्हणजे माझ्या बायकोचा भाऊ. बहिणीने मला सोडलं, याने नाही. गेली बारा वर्षं माझ्याच हाताखाली काम करतो. रात्रपाळीचा फोन आज तो घेणार होता, म्हणजे मला सुट्टी. मशीनच्या खोलीत येऊन बघतो तर स्विच चालू, कुलूप नाही, आणि माझ्या कामाच्या कागदावर सही नाही. म्हणजे काम अर्धवट. त्याने खाली वाकून दोन हाका मारल्या. मी कानात गाणी लावून बसलेलो! मग त्याने तेच केलं जे मी त्याला शिकवलंय: अर्धवट काम आणि उघडा स्विच दिसला की आधी स्विच बंद करून स्वतःचं कुलूप लावायचं, चौकशी नंतर. लावलं. चावी खिशात घातली. आणि गेला.

दिवा गेला आणि बॅटरीवरचा मिणमिणता दिवा लागला, तेव्हा मी एका बाहीत होतो.

“कपाळ माझं!” मी मोठ्याने म्हणालो. ऐकायला कोण होतं?

लोक विचारतात, तू तर त्यातला जाणकार, निघाला का नाहीस? अहो, जाणकार म्हणूनच! बाहेरच्या दाराचा खटका दाराच्या माथ्यावर असतो, तो माझ्या छताच्या वर राहिला होता. छताची झडप फक्त बाहेरून उघडते. दाराची तिकोनी चावी माझ्या पिशवीत होती, पण ती लावायची बाहेरून. फोनला आत कधीच रेंज नसते. समोर सगळी भिंत, फक्त वर, माझ्या छातीच्या वर, रंगमंचामागच्या दाराचा खालचा भाग दिसत होता. त्याच्या फटीतून गर्दीचा आवाज येत होता.

मी बोलायचं बटण दाबलं. ते पहारेकऱ्याच्या खोलीत वाजतं.

“कोण?”

“मी, लिफ्टवाला. सामानाच्या लिफ्टमध्ये अडकलोय. वर जा, स्विचला कुलूप असेल, ते तोड.”

मग म्हणाला, “साहेब, मागच्या वर्षी मी कुलपाला नुसता हात लावला होता, तर तुम्ही चारचौघांत माझी काय अब्रू काढली होती आठवतं का?”

“आठवतं रे बाबा! पण आता मीच सांगतोय!”

“तुम्हीच म्हणाला होता, ‘मी स्वतः आतून ओरडून सांगितलं तरी तोडायचं नाही.’”

म्हणालो होतो. शब्दन् शब्द म्हणालो होतो. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणजे काय, ते मला त्या पिंजऱ्यात उमगलं.

“मग मामाला फोन लाव.”

“लावला. उचलत नाहीत. तुमच्या तातडीच्या नंबरालाही लावला, तोही त्यांच्याकडेच वाजतोय. अग्निशामक बोलावू? पण मग सगळं सभागृह रिकामं करतील.”

“नको!” मी ओरडलो. दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम माझ्यामुळे बंद? जीव गेला तरी नको. “माझ्या मुलीला निरोप दे. तिसरी रांग, मधली खुर्ची. सांग, बाबा लिफ्टमध्ये आहे.”

सात वाजले. पहिलं गाणं सुरू झालं. ढोलाचा ठोका लिफ्टच्या पत्र्यातून माझ्या पाठीत येत होता. सव्वीस वर्षांत इतक्या जवळून मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं, आणि एकही गाणं कानात शिरत नव्हतं.

तिसऱ्या गाण्याला पहारेकरी बोलला. “तिकीट तपासणाऱ्या बाईंना पाठवलं होतं. मुलगी म्हणाली...” तो अडखळला.

“बोल की!”

“म्हणाली, ‘त्यांना सांगा, या वेळी निदान कारण तरी नवीन काढलंय.’”

मी टी-शर्टात दुसरा हात घातला.

“आणि साहेब, तुमच्या खुर्चीवर एक माणूस बसलाय. मिशीवाला. तिने बोलावून घेतलाय म्हणे, खुर्ची रिकामी नको म्हणून. कानात कापूस घालून बसलाय.”

मामा! मामाला या बँडचा आवाज सोसत नाही, तरी भाचीसाठी आला होता. माझ्या खुर्चीत माझ्या लेकीशेजारी बसला होता, कानात कापूस, फोन खिशात, आणि त्याच खिशात चावी. बाईंनी निरोप सांगितला तेव्हा शेजारी बसून मान डोलावली असणार.

“बाईंना परत पाठव! त्या मिशीवाल्याला हलवून सांगायला सांग!”

“आता दारं लागली, साहेब. मध्यांतर नाही. कुणालाच आत सोडत नाहीत.”

मी पिशवीवर बसलो. हसूही आलं आणि रडूही आलं. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, रडलो मी. कामावर अडकलो, कामावर अडकलो, म्हणत आयुष्य काढलं, आणि आज खरा अडकलो तर सांगायला तोंड उरलं नव्हतं. गुरुवारी ती एकटी बॅग ओढत जाईल, मागे वळून बघणार नाही, आणि मी तिच्या जागी असतो तर मीही बघितलं नसतं.

नऊ वाजत आले आणि टाळ्या एकदम थांबल्या. मला कळलं काय येतंय ते. दौऱ्याच्या शेवटच्या रात्री, शेवटच्या गाण्याआधी, सगळे दिवे घालवतात. हजारो माणसं, पण खोकला ऐकू येत नाही. गायक पहिली तार छेडेपर्यंत कुणी श्वासही मोठा घेत नाही. आम्ही त्याला ‘अंधार’ म्हणतो. एकदा एकाचा फोन वाजला होता, तर मी स्वतः त्याची गचांडी धरली होती. हे गाणं ते एरवी वर्षभर म्हणत नाहीत. मुलीने आणि मी अकरा वर्षांपूर्वी ठरवलं होतं, ते एकदा शेजारी उभं राहून म्हणायचं.

अंधार झाला. माझ्या बॅटरीचा दिवा तेवढा होता.

धोक्याच्या घंटेचं बटण माझ्या हाताशी होतं. ती घंटा वाजते कुठे, तर रंगमंचामागच्या दाराच्या वर. मीच बसवलीय. गाण्यांच्या गोंगाटात ती कुणाला ऐकू गेली नसती. आता सगळ्यांना जाईल.

सव्वीस वर्षं मी या शांततेसाठी जीव टाकलाय.

मग दाबलं. एक लांब, दोन आखूड, एक लांब. याच गाण्याचा ठेका. ती लहान असताना कामावरून आलो की दारावरची घंटा अशीच वाजवायचो, आणि ती आतून धावत यायची.

लोक भडकले. “अरे कोण आहे तो?” “हाकला त्याला!” शिट्ट्या, शिव्या. मी वाजवतच राहिलो. एक लांब, दोन आखूड, एक लांब. आणि मग ध्वनिक्षेपकातून गायकाचा आवाज आला. सव्वीस वर्षांत त्याला मी कितीतरी पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. माझ्याशी बोललेलं त्याचं पहिलं वाक्य असं: “ती घंटा वाजवणाऱ्या गाढवाला कुणीतरी बाहेर काढा.”

मी हात काढला. आता दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

पुन्हा शांतता. मग तार छेडली गेली आणि गाणं सुरू झालं. पहिलं कडवं झालं. कुणी आलं नाही. दुसरं सुरू झालं. मला वाटलं, तिला ऐकू गेलं असेल, कळलंही असेल, आणि तरी ती जागची हलली नसेल.

वर दारात किल्ली फिरली. तिकोनी. दार सरकलं, आणि फटीत आधी मामाच्या मिशा दिसल्या. कापूस अजून एका कानात होता.

“दाजी! मी हाका मारल्या होत्या हो, देवाशपथ मारल्या होत्या!”

“माहितेय रे. तुझं बरोबर आहे.”

त्याच्या बाजूला ती. गुडघे टेकून, केस तोंडावर. धावत आली होती, दम लागला होता. माझ्याकडे, माझ्या उलट्या घातलेल्या टी-शर्टाकडे, पिशवीकडे बघत राहिली.

“खरंच अडकला होतास,” ती म्हणाली.

“खरंच, गं.”

“मला वाटलं...”

“तुला जे वाटलं ते बरोबरच वाटलं. माझीच करणी ती.”

ती रडायला लागली, आणि रागावलीही. “लाज नाही वाटत? अंधारात घंटा वाजवतोस?”

“वाटते. खूप वाटते.”

मामा उठला. “मी पळत वर जातो, कुलूप काढतो. दोन मिनिटांत लिफ्ट वर येईल.”

तिने त्याची पँट धरली. “मामा, कुलूप असेपर्यंत ही हलत नाही ना?”

“तसूभर नाही. म्हणून तर लावलं.”

“मग गाणं संपेपर्यंत राहू दे.”

आणि बसून, पाय आत सोडून, ती त्या फटीतून खाली उतरली. मी तिला धरलं. खांद्यापर्यंत आली होती माझ्या. मला माहीतच नव्हतं. पिशवीवरून मी सरकलो, ती शेजारी बसली. शेवटचं कडवं उरलं होतं. तिने डोळे पुसले आणि म्हणायला लागली, मीही लागलो, दोघंही बेसूर. वर मामाने दुसऱ्या कानातला कापूस काढला आणि दाराशी मांडी घालून बसला.