उष्टा घोट

जोतिबांनी हात मारला तसा ग्लास मयूरीच्या हातातून उडाला आणि शेडच्या लोखंडी खांबावर आपटून फुटला. एक काच उलटून तिच्याच अंगठ्याच्या बुडाशी रुतली. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, तरी ती हात तसाच पुढे धरून उभी राहिली. आजोबांनी तिला आजवर बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"उष्टं देतीस व्हय गं मला? उष्टं?" जोतिबा ओरडले.

तिचा बाप नानासो शेडच्या दुसऱ्या टोकाला जाळीवरचे बेदाणे हलवत होता. तो धावत आला. त्यानं लेकीचा हात पाहिला आणि चार माणसांत मान असलेल्या त्या गृहस्थानं स्वतःच्या बापाची गचांडी धरली. चौऱ्याहत्तर वर्षांचं हाड ते, दोन हिसड्यांत जाळीवर जाऊन आदळलं. वरच्या कप्प्यातले बेदाणे म्हाताऱ्याच्या डोक्यावर सांडले.

"जाऊ देत न्हाई ते न्हाई, वर पोरीवर हात टाकताय?"

त्यानं मूठ उगारली. मयूरी मध्ये घुसली म्हणून ती मूठ तिच्या खांद्यात बसली. ती खाली बसली तेव्हा कुठे नानासो थांबला. आपण काय करून बसलो हे त्याला कळलं.

वाद जुनाच होता. मयूरी कृषी महाविद्यालयात शिकली. तिथं पाहुण्या म्हणून आलेल्या इटलीच्या एका प्राध्यापिकाबाईंनी तिला दोन वर्षांसाठी आपल्याकडे शिकायला बोलावलं. ते लोक द्राक्षं वाळवतात आणि त्यांची गोड वाइन करतात. ती शिकायची आणि परत येऊन तासगावच्या द्राक्षांची करायची, हे पोरीनं मनाशी पक्कं केलं होतं. नानासोची तयारी होती. पण जोतिबा हवालदारांच्या होकाराशिवाय त्या घरातून म्हैससुद्धा विकली जात नसे, आणि ते तीनदा नाही म्हणाले होते. कारण विचारलं की उठून चालायला लागायचे. उत्तर सोमवारपर्यंत पाठवायचं होतं आणि आज शनिवार.

बाईंनी एक बाटली दिली होती. मयूरीनं ती तीन महिने कपाटात साड्यांखाली जपली आणि आज दुपारी शेडमध्ये आणून उघडली. घरात इटली पाहिलेला माणूस एकच, आजोबा, दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत का होईना. त्याच्या जिभेला ओळख पटली तर मन वळेल, असा तिचा भाबडा बेत. वाढणाऱ्यानं आधी घोटभर चाखायचं, बिघडलेली नाही ना बघायचं, मग पाहुण्याला द्यायचं, असं बाईंनी शिकवलं होतं. बाईंचे ग्लास दोन असायचे. हिनं एकच आणला होता. हिनं चाखली आणि तोच ग्लास पुढे केला.

आता सांडलेल्या वाइनचा वास शेडभर पसरला. वाळवण्याआधी द्राक्षं बुडवायच्या तेलाचा उग्र वास तिथं कायमचा, पण त्यालाही हा पुरून उरला. जोतिबांनी तो नाकात घेतला आणि त्यांचा सगळा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी धोतराचा सोगा टरकावला, नातीचा हात ओढून घेतला, काच उपसली आणि घट्ट बांधलं. जखम बांधायची सवय त्या हातांना होती.

"तुला न्हाई मारलं, पोरी."

"मग कुणाला मारलं?"

जोतिबांनी तोंड उघडलं. नानासो वैतागून म्हणाला, "आता जर्मनाची गोष्ट सांगू नका, आबा. लय वेळा ऐकलीया."

ती गोष्ट सगळ्या गावानं ऐकली होती. इटलीतल्या एका घरात हवालदारांनी एकट्यानं जर्मनाला संगिनीवर घेतला, हे दर पंधरा ऑगस्टला शाळेत सांगितलं जाई, आणि सांगणारा बहुतेक वेळा नानासोच असे.

"जर्मन नव्हता त्यो," जोतिबा म्हणाले.

ते जमिनीकडे बघत बोलत राहिले. "डोंगरावरचं घर हुतं. आमी चौघं. तीन दिस पोटात अन्न न्हाई. आदल्या दिशी आमच्यातला हरिबा सुरुंगावर गेल्याला. त्याचं बूट तेवढं गावलं, आत पाय तसाच. डोस्कं ठिकाणावर नव्हतं कुणाचंच. घरात एक म्हातारी आन तिचा पोरगा. आढ्याला द्राक्षाचं घोस टांगल्यालं, वाळाय. म्हातारीनं सुरईतनं गलास भरला, सोता एक घोट घेतला, आन त्योच माज्या म्होरं धरला."

मयूरीनं बांधलेला हात छातीशी घेतला.

"मला वाटलं, काळी मानसं म्हून उष्टं देतीया. आपल्यात दारावरच्या भिकाऱ्याला सुदिक उष्टं देत न्हाईत. मी हात मारला. गलास तिच्या तोंडावर फुटला. पोरगं आईसाटनं धावलं. त्याच्या हातात काय बी नव्हतं, गड्या." हे ते नानासोला म्हणाले. "मी संगीन घातली. पोटात. निघंना, तवा पाय लावून वडली."

बोलता बोलता त्यांचा उजवा पाय उचलला गेला आणि हवेतच रेटा देऊन खाली आला. ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"म्हातारी?" तिनं विचारलं.

"रडली न्हाई. तोंडातनं रगत वघळत हुतं. तिनं दुसरा गलास भरला आन माज्याकडं बघत समदा प्याली. मग आनिक एक. मग आनिक एक. गळ्याला हात लावून दावत हुती, बघ, काय बी न्हाई ह्यात. तवा मला कळलं. आमच्या आदी जर्मन हुतं त्या घरात. त्ये तिला पयलं प्यायला लावत असनार. इख न्हाई, हे दावायला तिनं घोट घेतल्याला. आन मी..."

नानासोनं बापाकडे पाहिलं. शाळेच्या पटांगणात इतकी वर्षं आपण काय सांगत आलो, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. तो शेडबाहेर गेला.

"मग तुमी काय केलं, आबा?"



"सुरईत उरलं हुतं. त्ये मी प्यालो."

"तिच्यासमोर?"

"तिच्यासमोर. पोरगं अजून हालत हुतं." जोतिबांनी तोंडावरून हात फिरवला. "सांगाय लाज वाटती. पर लय ग्वाड हुतं गं."

साताऱ्याकडचा हा माणूस लष्कराची पेन्शन घेऊन सासुरवाडीच्या या गावी आला आणि शाळू पिकायच्या रानात त्यानं द्राक्षं लावली, म्हणून गाव त्याला हसलं होतं. ती का लावली, हे आज मयूरीला कळलं. तिला त्या म्हाताऱ्याची किळस आली आणि मायाही आली, दोन्ही एकदमच. कुठली खरी ते तिला ठरवता येईना.

"हाय का बाटलीत?" त्यांनी विचारलं.

दुसरा ग्लास नव्हता. चहाचा कप होता, त्यात तिनं डाव्या हातानं ओतली. पिवळीधमक, काकवीसारखी दाट, कपाच्या कडेला चिकटून सावकाश उतरणारी. जोतिबांनी आधी वास घेतला. मग पहिला घोट गिळलाच नाही, तोंडात धरून बसले. आधी मध लागतो, मग खारीक, मग जुन्या लाकडाचा तुरट वास, आणि गिळल्यावरही गोडी जिभेच्या मुळाशी रेंगाळते. मयूरीला हे सगळं ठाऊक होतं. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर ते एकेक उमटताना ती बघत होती. दुसरा घोट त्यांनी डोळे मिटून घेतला. पापण्यांतून पाणी आलं, पण ओठ चाटायचे काही थांबले नाहीत.

"ह्येच," ते म्हणाले. "ह्येच हुतं."

कप रिकामा झाला.

"जा तू. सोमवारी कळीव त्यास्नी. नीट शीक."

एवढं ऐकण्यासाठी तिनं तीन महिने घालवले होते. आता ऐकलं, तर आनंदच होईना.

"पर शिकून आलीस तरी हितं करू नगंस. मी जित्ता हाय तवर न्हाई."

"का, आबा?"

"मी रोज पीन गं," जोतिबा म्हणाले, आणि त्यांनी कप पुढे केला.