उत्तर आलं नाही तर

टमसिन ओडेल पहिल्यांदा एकटी उडाली तो गुरुवार होता. सकाळचं धुकं नऊला विरलं, वारा नव्हता, आणि मी तिच्या विमानातून उतरून दार लावताना म्हणाले, "एकच फेरी. वर जा, वळसा घाल, उतर. रस्त्यात कुणाशी गप्पा मारू नकोस."

"तू खरंच उतरतेस, नोरीन?" तिनं विचारलं.

"उतरले की. हे बघ, बाहेर उभी आहे."

टमसिन त्रेचाळीस वर्षांची. आमच्या यारंबिन गावात शाळेची बस चालवते. तिची मुलं मोठी होऊन सिडनीला गेली आणि तिनं घरातली एक खोली भाड्यानं देऊन विमान शिकायला सुरुवात केली. विद्यार्थी म्हणून ती मंद होती, पण एकदा शिकली की विसरायची नाही. अशा माणसांची मला काळजी वाटत नाही.

आमच्या विमानतळाला मनोरा नाही. एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड, पेट्रोलचा पंप, आणि तो सांभाळणारा गार्थ. वरून कुणी कुणाला 'आता तू उतर' असं सांगत नाही. रेडिओवर सगळ्यांची एकच वाहिनी असते. येणारा आपण कुठे आहोत, किती उंचीवर आहोत, काय करणार आहोत ते बोलतो. बाकीचे ऐकतात आणि डोळे उघडे ठेवतात. बत्तीस वर्षं मी इथे शिकवते आहे आणि ही रीत चालत आली आहे, कारण इथे सगळे सगळ्यांना ओळखतात.

मी हातातला रेडिओ घेऊन कुंपणाशी उभी होते. टमसिन छान वर गेली. धावपट्टीला समांतर आली तेव्हा स्वच्छ आवाजात बोलली. तेवढ्यात दुसरा आवाज आला, "यारंबिन, मर्व हॅड्रिक. पश्चिमेकडून पाच मैल. सरळ आत येतोय."

मर्विन हॅड्रिक म्हणजे आमचा मर्व. चौऱ्याहत्तर वर्षांचा, गव्हाच्या शेतीत आयुष्य गेलेलं, आणि माझ्या आधीपासून उडणारा. वळसा न घालता सरळ उतरायची त्याची सवय सगळ्यांना ठाऊक होती. मी म्हणाले, "मर्व, वर एक विमान आहे. टमसिन, पहिलीच एकटी फेरी. तिला आधी उतरू दे."

उत्तर आलं नाही.

त्याच वेळी मी टमसिनला 'पुढे जात राहा, वळू नकोस' म्हणायला हवं होतं. मी म्हणाले नाही. मनात आलं, मर्व आहे, बघेल तो. तो निर्णय माझाच होता, आणि त्याबद्दल मी नंतर कुणालाही दोष दिला नाही.

टमसिन वळली, पुन्हा वळली, आणि धावपट्टीच्या समोर येऊन खाली येऊ लागली. मर्वचा आवाज पुन्हा आला, "दोन मैल. कोणी दिसत नाही."

"मर्व, ती तुझ्या पुढे आहे. खाली बघ."

काहीच नाही.

मग ती दोन्ही विमानं मला एकाच नजरेत दिसली. टमसिनच्या विमानाचे पंख तिच्या डोक्यावर, म्हणून तिला वरचं दिसत नव्हतं. मर्वच्या विमानाचे पंख त्याच्या पायाशी, म्हणून त्याला खालचं दिसत नव्हतं. तो मागून, वरून, थोडा जास्त वेगानं तिच्यावर उतरत होता. दोघं एकाच पट्टीकडे बघत होते.

"टमसिन," मी म्हणाले, "उजवीकडे वळ. वर जाऊ नकोस. आत्ता."

तिनं 'का' विचारलं नाही. पंख कलला आणि ती बाजूला झाली. मर्व ती होती त्या जागेतून खाली गेला. दोघांमध्ये फार तर एका ट्रकच्या लांबीएवढं अंतर असेल. गार्थच्या हातातली पेट्रोलची नळी जमिनीवर पडली होती, ते मला नंतर दिसलं.

"नोरीन, काय होतं ते?" टमसिनचा आवाज बारीक झाला होता.

"मर्व होता. गेला तो. आता सरळ जा, मग वर ये, आणि मघासारखाच वळसा घाल. घाई नाही. बस वळवतेस तशी वळव."

तिनं वळसा घातला आणि उतरली. दोनदा उसळली, पण उतरली. इंजिन बंद केलं आणि आतच बसून राहिली. मी दार उघडलं तेव्हा ती पट्टा सोडत होती.

मर्व शेडपाशी आला तो चिडलेलाच होता. टमसिन बाजूला वळताना त्याला दिसली होती.

"कोण आहे ते? एक शब्द बोलायला नको?"

"ती तीनदा बोलली," मी म्हणाले. "मीही दोनदा बोलले. तुझ्या नावानं."

"कुणी बोललं नाही. मी काय बहिरा आहे?"

"रेडिओ बघू मग," गार्थ म्हणाला.

मर्वनं विमान चालू केलं आणि इंजिनच्या आवाजात कानाला हेडफोन लावून बसला. मी शेडच्या पलीकडे जाऊन हातातल्या रेडिओवर आकडे म्हणाले, एक ते पाच. ऐकलं तर हात वर करायचा असं ठरलं होतं. हात वर झाला नाही. मी पुन्हा म्हणाले. नाही. मग टमसिन, जी खरं तर घरी जायला निघाली होती, आली आणि माझ्या हातातून रेडिओ घेऊन बोलली. नाही. शेवटी गार्थ त्याच्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मर्व, माझ्या पंपाचा हिशेब चुकवू नकोस रे."

हात लगेच वर झाला. बोटानं त्यानं एक अचकट खूणही केली.

मी विमानापाशी जाऊन त्याला इंजिन बंद करायला लावलं आणि सांगितलं, गार्थचं ऐकू आलं, आम्हा दोघींचं नाही. समोरासमोर, शांततेत, त्याला माझं बोलणं कळत होतं. तो माझ्या ओठांकडे बघत होता हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

त्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाला, "दोन वर्षं मला वाटत होतं, रेडिओवर बायका मला उत्तर देत नाहीत. सरळ आत येतो म्हणून रागावल्या असतील. म्हटलं, राहू दे."

त्यानं विमानाची किल्ली माझ्या हातात दिली आणि गाडीत जाऊन बसला.

पुढचे तीन आठवडे मर्व विमानतळावर आला नाही आणि टमसिनही नाही. एकदा त्याची बायको एल्व्हा दुकानात भेटली. मी कानांचं विचारलं तर म्हणाली, "दवाखान्यात नेलं. बारीक आवाज त्याच्या कानात शिरतच नाहीत म्हणे. परवान्यासाठी तपासणारा डॉक्टर स्वतः जाड आवाजाचा, त्यामुळे दरवेळी पास." मग म्हणाली, "आणि मला कळावं तरी कसं? चाळीस वर्षं ऐकतच नव्हता. खरंच ऐकू येईनासं झालं, तेव्हा मला फरकच कळला नाही."

"आता काय करतो?"

"व्हरांड्यात बसतो. नवी यंत्रं कानात घालतो आणि म्हणतो, पक्षी फार ओरडतात."

चौथ्या आठवड्यात तो शाळेपाशी गेला. हे मला टमसिननं सांगितलं. तीनला मुलं बसमध्ये चढत होती आणि मर्व टोपी हातात घेऊन दाराशी उभा होता. ती म्हणाली, "मर्व, तू आठवीतला वाटत नाहीस." तो म्हणाला, "माफी मागायला आलोय. आणि एक विचारायचंय. मी रविवारी फ्लाइंग क्लबात सगळ्यांसमोर उभा राहणार आहे. तू नसलीस तर माझं बोलणं निम्मं होईल."

ती आली. सॉसेज भाजून झाले, सव्वीस जण शेडमध्ये बसले, आणि मर्व उभा राहिला. कागद नव्हता. म्हणाला, "मी ऐकलं नाही. आणि ऐकलं नाही हे मला माहीत नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, उत्तर येत नाही तेव्हा मी समजून चाललो की सगळं ठीक आहे. टमसिन, तुला मी ठार केलं असतं." तो बसला.

मग मी उभी राहिले आणि टमसिनला पुढे जात राहा म्हणायला हवं होतं, ते सांगितलं. त्यानंतर जे झालं ते मी कल्पिलं नव्हतं. फवारणीचं विमान चालवणारा एक जण म्हणाला, मागच्या उन्हाळ्यात तो तासभर चुकीच्या वाहिनीवर बोलत होता. दुसरा म्हणाला, त्यानं एकदा पूर्वेला पश्चिम म्हटलं आणि लाजेनं दुरुस्त केलं नाही. एकेक करत अंधार पडेपर्यंत लोक बोलत राहिले. आजवर प्रत्येकानं आपापली चूक घरी नेऊन लपवली होती.

त्या रविवारी ठरलं ते साधं आहे. कुणी हाक दिली की ऐकणाऱ्यानं नाव घेऊन उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर समोरचा बहिरा आहे असं धरायचं आणि बाजूला व्हायचं. विद्यार्थी एकटा वर असताना कुणीही सरळ आत यायचं नाही. दोन वर्षं झाली, अजून पाळतात.

मर्वनं नवे हेडफोन घेतले, आसपासची विमानं पडद्यावर दाखवणारा एक डबा बसवला, आणि माझ्याबरोबर सहा वेळा उडाला. वळसा घालायचा त्याला कंटाळा येई. "किती फिरवतेस मला," म्हणायचा. पण मी जे म्हणाले त्या प्रत्येक वाक्याला त्यानं उत्तर दिलं. मग त्याची फेरपरीक्षा झाली. परीक्षक परगावची होती, बाई होती. तिनं त्याला पास केलं.

टमसिन रविवारनंतरच्या गुरुवारीच परत आली होती. पहिल्यांदा ती माझ्याबरोबर धावपट्टीसमोर आली तेव्हा मान वाकवून सतत वर बघत होती, पंखाच्या पत्र्याकडे. पाचव्या दिवशी ते आपोआप थांबलं. मार्चमध्ये तिला परवाना मिळाला.

पहिला प्रवासी म्हणून तिनं एल्व्हाला नेलं. एल्व्हा आयुष्यात नवऱ्याच्या विमानात बसली नव्हती. "त्याच्या गाडीत बसते ते पुष्कळ झालं," म्हणायची. मर्वनं कुंपणाशी उभं राहून दोघींना हात केला. विमान त्यांच्या शेतावरून दोनदा फिरलं, आणि उतरल्यावर एल्व्हा त्याला म्हणाली, "मर्व, पत्रा गंजलाय गोठ्याचा. वरून लाल दिसतो."

"ऐकलं," मर्व म्हणाला.